‘खोल बाजू’वरची हाक

आत्या लाँड्रीत कामाला लागली तेव्हा तिचं शाळेचं दप्तर अजून दाराच्या खुंटीवर टांगलेलं होतं. मोठ्या रुग्णालयाची लाँड्री, तीही तळघरात. एका बाजूला खोलीएवढाले धुण्याचे ड्रम, दुसऱ्या बाजूला चादरी इस्त्री करणारं लांबलचक यंत्र. या टोकाला दोघींनी ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, त्या टोकाला दोघींनी ती झेलून घडी घालायची. गोंगाट असा, की शेजारणीने कानाला तोंड लावून सांगितलेलंही कळायचं नाही. आणि रोलरला काय, चादर काय नि बाही काय, सगळं सारखंच. कुणाची बाही त्याच्याकडे ओढली जाताना दिसली की पलीकडच्या टोकावरून ओरडावं लागे, आणि ते पोचलं पाहिजे म्हणजे पोचलंच पाहिजे.

आत्याचं पोचायचं. तिने ‘थांबा!’ म्हटलं की वरच्या मजल्यावरचे पेशंटसुद्धा घास हातात धरून बसून राहायचे, असं बाबा सांगतात. बाबांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण उरलेलं निम्मंही काही थोडं नाही. अंगाने ती तेव्हा काडी होती. एवढा आवाज ती ठेवते कुठे, असं लाँड्रीतल्या बायका विचारायच्या.

बाबा तिचे थोरले भाऊ. आज ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि शेजारच्या सीटवर बसून ब्रेकवर पाय ठेवून डुलक्या काढतात. पण ऐंशीच्या दशकात त्यांचे केस कमरेपर्यंत होते आणि गळ्यात गिटार होती. तेव्हा सगळ्या युरोपात पोरांना हेवी मेटलचं वेड लागलेलं. आमच्या बाबांनाही लागलं. चौघांनी मिळून बँड काढला, नाव ठेवलं ‘गंज’. गाणारा एक, बेस वाजवणारा एक, गिटारवर बाबा, आणि ड्रमवर एक गप्पगप्पसा मुलगा, जो दिवसा फरशा बसवायचा. त्याला सगळे ‘धडाम’ म्हणत. तोंडाने तो दिवसभरात चार शब्द बोलायचा; बाकीचं हातांनी.

सराव घरात व्हायचा. थोड्याच दिवसांत आजीने जाहीर केलं, “या घरात एकतर ते ढोल राहतील नाहीतर मी. आणि स्वयंपाक मला येतो, ढोलांना येत नाही.” बँड रस्त्यावर आला.

मग धडामला काम लागलं गावच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावात. तलाव रिकामा करून जुन्या फरशा काढायच्या होत्या, नव्या बसवायच्या होत्या, आणि किल्ली त्याच्याकडे. पाणी काढून टाकलेल्या त्या हौदात साधं शिंकलं तरी छत शिंकायचं. बाबा म्हणाले, रेकॉर्ड करायची तर इथेच. ओळखीतला एक टेपवाला पकडला, त्याने आपलं यंत्र आणून काठावर मांडलं, आणि संध्याकाळी फरशीवाले गेले की हे चौघे हौदात उतरायचे. अल्बमचं नावही तिथल्या भिंतीवरूनच उचललं. निळ्या अक्षरांत पाटी होती, ‘खोल बाजू’. पोरांना ते फार भारी वाटलं.

फक्त थंडी मरणाची होती. हीटर बंद, पायाखाली ओलं सिमेंट. म्हणून एका संध्याकाळी आत्या कामाची पाळी संपल्यावर लाँड्रीतूनच थेट तिकडे गेली. हातात पिशवी, पिशवीत रोलरवर गरम केलेले मोजे.

ती दारात पोचली तेव्हा टेपवाला टेप चालू ठेवून मायक्रोफोन तपासत होता. धडाम हातात मायक्रोफोन आणि कानांवर हेडफोन घेऊन काठावरून उलटा उलटा चालत येत होता, म्हणजे वायर कुठपर्यंत पोचते ते बघत होता. त्याची पाठ खोल बाजूकडे. बाकीचे उथळ बाजूला वाकून कसलातरी प्लग शोधत होते. कुणाचंच लक्ष नाही. धडामची टाच काठावरून अर्धी बाहेर आली, आणि खाली दोन माणसं उभी राहतील एवढा कोरडा खड्डा.

आत्याने पिशवी टाकली आणि पोटातून ओरडली.

“थांऽऽऽबाऽऽऽ!”

ते साधं ओरडणं राहिलं नाही. रिकाम्या हौदाने ते उचललं, छताने परत फेकलं, समोरच्या भिंतीने पुन्हा. बाबा म्हणतात, प्रत्येक फेरीला ते जास्त भयानक होत गेलं. धडामच्या हातातला मायक्रोफोन चालू होता, त्यामुळे ती हाक हेडफोनमधून सरळ त्याच्या कानांत उतरली. तो जागच्या जागी पुतळा झाला. एक पाय जमिनीवर, एक हवेत. मग हळूच पाय आत घेतला आणि मटकन खाली बसला.

टेपवाल्याने चक्राकडे बघितलं आणि म्हणाला, “आलंय. सगळं आलंय टेपवर.”

त्यांनी ते परत वाजवून ऐकलं आणि चौघेही वेडे झाले. गाणारा तेवढा रुसला. “हिच्यानंतर मी काय गाऊ? माझा आवाज चहा गाळल्यासारखा वाटेल.” पण त्यालाही ते पटलं होतं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूची सुरुवातच त्या हाकेने करायची ठरली. आधी हाक, मग तिचे प्रतिध्वनी विरत जातात, आणि ते पुरते विरायच्या आत ड्रम कोसळतात.

नाव घालायची गोष्ट निघाली तेव्हा आत्याने हात जोडले. “नको रे दादा. लाँड्रीतल्या बायका चिडवून जीव घेतील.” म्हणून रेकॉर्डच्या पाकिटावर चौघांची नावं छापली आणि खाली बारीक अक्षरांत एवढंच, ‘हाक : खोल बाजूकडून’.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला लाँड्रीच्या फाटकाशी धडाम उभा होता. हातात धुतलेले मोजे.

“परत द्यायला आलो,” तो म्हणाला.

“चौघांचेही तूच धुतलेस?”

“हो.”

त्याच्या मानाने हे भाषणच झालं. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, “हिने थांबा म्हटलं, आणि हा गडी थांबला तो कायमचाच!” तेव्हापासून तो धडाम आमचा काका.

रेकॉर्डचं मात्र काही झालं नाही. जेमतेम काही शे प्रती निघाल्या. थोड्या विकल्या गेल्या, थोड्या वाटल्या, काही दुकानदाराने परत पाठवल्या. गाणारा जहाजावर स्वयंपाकी होऊन निघून गेला, बेसवाला लवकरच वारला, बाबांनी केस कापले. मी मोठी होईपर्यंत ‘गंज’ ही फक्त बाबांची एक गोष्ट उरली होती, आणि घरातला जुना रेकॉर्डप्लेअर बिघडल्यापासून ती रेकॉर्ड ऐकायचीही सोय नव्हती. आत्याने तर ती पुरी ऐकलीच नव्हती. “मला काय त्यातलं कळतंय,” म्हणायची. “मी आपली मोजे घेऊन गेले होते.”

ती त्याच लाँड्रीत राहिली. चादरी सरकवता सरकवता मुकादम झाली. काका फरशा बसवत राहिले. त्यांच्या कानात एक शिट्टी सतत वाजते आणि तिला कारण आत्याची ती हाक आहे, असा त्यांचा आरोप आहे. पोकळ बसलेली फरशी सगळे ठोकून आवाजावरून ओळखतात, काका बोटांच्या टोकांनी ओळखतात.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी होती, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. आवाजाची नस दुखावली होती. येईल परत, डॉक्टर म्हणाले. आला तो एवढाच, घोगरा, फाटका, कागद चुरगळल्यासारखा. शेजारच्या खोलीतूनही हाक पोचणार नाही. तिने कुरकुर केली नाही. लाँड्रीत गळ्यात शिट्टी अडकवली आणि कामाला लागली. आणि घरी? बाबा म्हणायचे, “एकीला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. याहून सुखाचा संसार कुणाचा असेल तर दाखवा!” आत्या हसायची. पण एकदा भांडी पुसताना ती मला म्हणाली होती, “फोन उचलला की लोक मला दादा म्हणतात गं.” आणि मग बराच वेळ तीच बशी पुसत राहिली.

असं सगळं चाललेलं असताना एका शनिवारी आमच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची असेल, डोकं एका बाजूने साफ भादरलेलं, अंगात काळं जाकीट, आणि चेहरा असा की हिला आत्ता कुणीतरी लॉटरी लागल्याचं सांगितलंय. ती जुन्या, दुर्मीळ झालेल्या रेकॉर्ड नव्याने छापणारी छोटीशी कंपनी चालवायची. आम्ही तिला तेव्हापासून रेकॉर्डवालीच म्हणतो.

“‘गंज’चे गिटारवाले आपणच?” तिने बाबांना विचारलं. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता केस नव्हते. “होतो,” म्हणाले.

तिने जे सांगितलं ते ऐकून आई गॅस बंद करायला विसरली. ‘खोल बाजू’ विसरली गेली नव्हती. ती हाताहातांतून, कॅसेटवरून कॅसेटवर, देशादेशांत फिरली होती. तिची जुनी प्रत मिळावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती. आणि सगळ्यात जास्त चर्चा कशाची, तर दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीच्या त्या हाकेची. ती बाईची की पुरुषाची, माणसाची की यंत्राची, यावर लोक हमरीतुमरीवर येत. काहींच्या मते ते लॅटिन होतं. एकाने तर त्यात सैतानाचं नाव शोधून काढलं होतं आणि त्यावर मोठा लेख लिहिला होता.

“ते खरंच काय आहे?” रेकॉर्डवालीने श्वास रोखून विचारलं.

“‘थांबा’,” बाबा म्हणाले.

“थांबते. पण काय आहे ते?”

“अहो बाई, तेच आहे ते. ‘थांबा’. माझी बहीण आहे ती.”

रेकॉर्डवालीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ती उठली, खोलीत एक चक्कर मारून आली, आणि पुन्हा बसली. “तुमची बहीण,” ती म्हणाली. “आहेत त्या? कुठे आहेत?”

“कुठे असणार? लाँड्रीत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे आत्याच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती दाटीवाटीने बसलो होतो. रेकॉर्डवालीला आत्यापुढे नीट बोलताही येईना. तिने नव्या छपाईची सगळी योजना सांगितली: जाड, काळीभोर व्हायनलची तबकडी, मूळ पाकीट जसंच्या तसं, आत बँडचा इतिहास. टेपवाल्याच्या मुलाकडे मूळ टेप सापडल्या होत्या.

“पण एक अडचण आहे,” ती म्हणाली आणि थांबली. “टेप तळघरात होत्या. एकाच रिळाला ओल लागली. बाकी सगळं वाचलंय, फक्त दुसऱ्या बाजूची सुरुवात गेली. नेमकी हाकच गेली, मावशी.”

“मग एखाद्या जुन्या रेकॉर्डवरून घ्या की,” बाबा म्हणाले.

“सगळ्या ऐकून झाल्या. ज्यांच्याज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मागवल्या. पण प्रत्येकाने सुई पुन्हापुन्हा तिथेच ठेवलीय हो! बाकीची रेकॉर्ड चांगली, आणि हाकेच्या जागी चाळीस वर्षांची खरखर. म्हणून मी विचारायला आले होते, की मावशी, तुम्ही पुन्हा एकदा...”

आत्या तोवर फक्त ऐकत होती. आता तिने तोंड उघडलं. “पोरी,” ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली, “आता ते दुकान बंद झालं.”

रेकॉर्डवालीचा चेहरा बघवेना. तिला ऑपरेशनचं माहीत नव्हतं. ती सारखी माफी मागू लागली, तेव्हा आत्यानेच उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. “अगं, रडतेस काय? माझा आवाज गेलाय, तुझा आहे ना? मग विचार लोकांना. एखादा तरी असेल, ज्याने ती घेतली आणि ऐकलीच नाही. आपली रेकॉर्ड एवढीही चांगली नव्हती.”

बाबांना हे फारसं आवडलं नाही. पण रेकॉर्डवालीने तसंच केलं. मेटलवाल्यांच्या जेवढ्या म्हणून मंडळांत, मासिकांत, इंटरनेटवरच्या कट्ट्यांवर टाकता येईल तिथे तिने टाकलं: ‘खोल बाजू’ची न वाजवलेली प्रत हवी आहे. उत्तरं धो धो आली आणि सगळी निकामी. कुणी म्हणे मी फक्त दोनदाच ऐकलीय. कुणी म्हणे माझ्याकडे सील आहे पण रेकॉर्ड हरवली. आम्ही रोज फोनवर एकमेकांना विचारायचो, “आली का? आली का?” आई, जिला आजीसारखाच ढोलांचा आवाज नको असतो, तीसुद्धा जेवताना विचारायची. आणि आम्ही आशा सोडत आलो होतो तेव्हा रेकॉर्डवालीचा फोन आला. ती बोलत नव्हती, किंचाळत होती.

सरहद्दीपलीकडे एक क्रेनचालक होता. बंदरात काम करायचा. त्याने पोरवयात या रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या होत्या, एक ऐकायला आणि एक न ऐकायला. दुसरीचं प्लास्टिक आजतागायत फाडलेलं नव्हतं. मेटलवाल्यांत त्याला ‘सीलबंद’ म्हणूनच ओळखत. ती प्रत त्याने बायकोलाही हातात घेऊ दिली नव्हती. विकायचं तर नावच काढायचं नाही. विचारायला गेलेल्यांना तो दारातूनच परत पाठवायचा.

“आणि तो देतो म्हणाला?” मी विचारलं.

“तो स्वतः घेऊन येतोय! पैसे नकोत म्हणाला. एकच अट आहे. सील मावशींनी उघडायचं.”

स्टुडिओत त्या दुपारी आम्ही सगळे जमलो. कपाटाएवढाल्या स्पीकरांची खोली, भिंतींना जाड कापड, मधोमध एक रेकॉर्डप्लेअर, ज्याला हात लावायची कुणाला छाती होईना. आत्याने ठेवणीतला कोट घातला होता. काकांनी दाढी केली होती आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. मग दार उघडलं आणि सीलबंद आत आला. दारात मावणार नाही एवढा धिप्पाड माणूस, दंडांवर कवट्यांचं गोंदण, आणि छातीशी प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये बांधलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं.

त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि बरोबर आत्यासमोर जाऊन उभा राहिला. “आपणच का?”

“मीच,” आत्या म्हणाली.

तो तिच्या आवाजाने दचकला नाही. त्याने फळ्या सोडल्या. आतली रेकॉर्ड चकचकीत होती, काल दुकानातून आणल्यासारखी. पाकिटावर त्या रिकाम्या हौदाचा फोटो. त्याने ती आत्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “मला बघवणार नाही,” म्हणाला. “तुम्ही करा.”

आत्याने पर्समधून लाँड्रीतली छोटी कातर काढली. चादरींवरच्या चिठ्ठ्या उसवायची. तिने प्लास्टिकच्या कडेला टोक टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग सर्रकन एक बारीक आवाज झाला. सीलबंदच्या खांद्यांनी एक झटका खाल्ला, जणू कुणी त्याचा दात उपटला.

तंत्रज्ञाने पांढरे हातमोजे घालून रेकॉर्ड बाहेर काढली, दुसरी बाजू वर करून ठेवली, कुंचल्याने झाडली, सुई खाली आणली. एक क्षण नुसती शांतता. खरखरसुद्धा नाही.

आणि मग.

“थांऽऽऽबाऽऽऽ!”

काय सांगू! मी ती हाक जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. ती पायातून आली. खिडकीची काच थरथरली. आवाज त्या हौदात वर गेला, फिरला, परत आला, पुन्हा गेला. आणि काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय झटकन मागे घेतले, दोन्ही! इतक्या वर्षांनी! बाबा आधी काकांकडे बघून हसायला लागले आणि मग त्यांचं हसणं कुठेतरी दुसरीकडेच गेलं, त्यांनी चष्मा काढला. तेवढ्यात ड्रम कोसळले, गिटार शिरली, आणि रेकॉर्डवाली जमिनीवर बसून दोन्ही मुठी हवेत उडवत होती. सीलबंद भिंतीला कपाळ टेकून गदगदत होता.

आत्या उभीच होती. हाताची घडी छातीशी, मान थोडी तिरकी, लाँड्रीत एखाद्या यंत्राचा आवाज ऐकावा तशी. गाणं संपल्यावर ती म्हणाली, “केवढ्यांदा ओरडतेय ही पोरगी.”

तंत्रज्ञाने सुई उचलली.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली.

पुन्हा लावली. या वेळी तिने डोळे मिटले आणि ओठ उघडले. हाक स्पीकरमधून आली, पण तिची छाती भरलेली आणि पोट आत गेलेलं मी पाहिलं. तिच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. चेहरा मात्र असा फुलला होता की मी तिला तसं कधी बघितलेलं नव्हतं.

“आता पुरे हं, हाक उतरवून झालीय,” तंत्रज्ञ हळूच म्हणाला, “नाहीतर हीपण झिजेल.” तेव्हा कुठे सगळे हसले. सीलबंद नाक पुसत वळला आणि म्हणाला, “या प्रतीची पहिली बाजू मात्र अजून कुणी ऐकलेली नाही. ती तशीच राहू दे.” त्याने रेकॉर्ड पुन्हा फळ्यांत बांधली. फाडलेलं प्लास्टिकसुद्धा घडी करून खिशात घातलं. आत्याने त्याला हात धरून बसवलं आणि बरोबर आणलेला केक खायला लावला.

त्यानंतरचे महिने भुर्रकन गेले. नवीन पाकिटाचे नमुने आले. चार नावांखाली पाचवं नाव आलं. या वेळी आत्याने हात जोडले नाहीत, पण शुद्धलेखन दोनदा तपासलं. गाणाऱ्याने कुठल्याशा बंदरातून फोन करून आत्याला सांगितलं की तो अजून रुसलेलाच आहे.

विक्रीला काढायची वेळ सकाळची होती आणि जागा रेकॉर्डवालीच्या ओळखीचं एक अरुंद दुकान. तिला वाटलं होतं, पंचवीस-तीस माणसं येतील. आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि बाबांनी गाडीच बंद पाडली. शिकाऊ मुलांना ज्यावरून ते रागावतात, नेमकं तेच! सगळा रस्ता काळ्या जाकिटांनी भरलेला. पांढऱ्या दाढ्या, टकलं, काठ्या, लेकी, नातवंडं. सीलबंद सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा. आत्या उतरली आणि कुजबुज पसरत गेली, “त्याच त्या... त्याच त्या...” माणसं बाजूला होत वाट देऊ लागली. तिला कळेना कुठे बघावं. ती माझ्या कानात म्हणाली, “अगं, यांचे कपडे कोण धुतं?”

दुकानाच्या पायरीवर तिला उभं केलं, हातात मायक्रोफोन दिला. गर्दी एकच मागायला लागली. हाक! हाक! रेकॉर्डवाली पुढे होऊन समजावणार, तोच आत्याने तिला हाताने मागे सारलं.

“माझा आवाज ऑपरेशनमध्ये गेला,” तिचा घोगरा आवाज रस्ताभर पसरला. एकदम सामसूम. “मला येणार नाही. तुम्हाला शिकवते. अवघड नाही. खांदे खाली. हे तुमचे खांदे कानाला लागलेत, खाली करा ते. श्वास पोटात. पोट आहे ना? बऱ्याच जणांना आहे, दिसतंय मला.” हशा उसळला. “आता समोर कुणाची तरी बाही रोलरमध्ये चाललीय. तुमच्या मैत्रिणीची. तुम्हाला राग आलेला नाही, तुम्हाला तिचा हात वाचवायचाय. मी हात खाली केला की.”

तिने हात वर केला. त्याच वेळी कोपऱ्यावरून एक बस वळली आणि गर्दी बघून भोंगा वाजवत पुढे येऊ लागली. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने हात खाली केला.

“थांऽऽऽबाऽऽऽ!”

सबंध रस्त्याची ती हाक होती. पत्र्याचे फलक खणखणले, वळचणीची कबुतरं उडाली, वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. आणि बस करकचून थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं, डोकं बाहेर काढलं आणि भेदरून विचारलं, “कुणाला चढायचंय?”

त्यावर जे काही हसू फुटलं ते आवरेचना. काका, जे चार शब्दांवर जात नाहीत, तेच पोट धरून सगळ्यांना सांगत सुटले, “बघितलंत? बघितलंत? मी एकटाच नाही!” बसमधली माणसं काय झालं बघायला खाली उतरली आणि त्यांच्यातल्या दोघांनी रेकॉर्डही घेतली. दुपारपर्यंत पेट्या रिकाम्या झाल्या. आत्या सह्या करून करून बोटं झटकत होती.

लाँड्रीतल्या बायकांनी तिला चिडवायचं ते चिडवलंच. पाकीट चौकटीत घालून घडी घालायच्या टेबलावर लावलंय, आणि नव्या मुलींना पहिल्या दिवशी रोलरच्या आधी ते दाखवतात. रेकॉर्डवालीने दुसरी छपाईही केली. तिने आत्याला एक रेकॉर्डप्लेअर भेट दिला, काकांनी तो दिवाणखान्यात फरशीएवढ्याच काळजीने लेव्हल लावून बसवला.

आणि आत्याने अखेर ‘खोल बाजू’ पुरी ऐकली. दोन्ही बाजू, शांतपणे, मोजे विणत. नंतरच्या रविवारी बाबा मोठ्या आशेने तिच्याकडे गेले. “काय मग? कशी वाटली?”

“चांगली आहे रे दादा,” आत्या म्हणाली. “पण पहिल्या बाजूचं तिसरं गाणं फारच लांबलंय. तुझी ती गिटार संपतच नाही. मी मधे उठून चहा करून आले तरी चालूच!”

बाबांनी दोन रविवार तिच्याकडे जायचं बंद केलं. तिसऱ्या रविवारी गेले, ते गिटार घेऊनच. ते गाणं लांब का आहे हे वाजवून दाखवायला. काका शेजारी बसून टेबलावर बोटांनी ठेका धरत होते, आणि आत्या म्हणत होती की अजूनही लांबच आहे.